सागाची चार वर्षं

नुकत्याच कापलेल्या सागवानाचा तेलकट, कडसर गंध शैलाबाईंच्या बोटांना येत होता आणि वैशाखातलं पांढरं ऊन त्यांच्या चष्म्याच्या काचांवर स्थिरावलं होतं. जाफराबादच्या महाविद्यालयात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे सहकारी.

वळवाच्या वादळात त्यांच्या शेताच्या बांधावरचा साग उन्मळून पडला होता. आपल्या जन्माच्या वेळी वडिलांनी तो लावला, असं बाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. वडील आता नव्हते. बाईंनी बुंध्याची एक चकती कापून घेतली, घासून गुळगुळीत केली, ओल्या फडक्यानं पुसली आणि टाचणीच्या टोकानं वलयं मोजायला घेतली. पावसाच्या आरंभी साग अधीरपणे वाढतो, तेव्हाच्या लाकडात रुंद छिद्रांची रांग उमटते. पुढे वाढ मंदावते, लाकूड घट्ट होत जातं आणि पानगळीत झाड थांबतं. अशी एक रांग म्हणजे एक वर्ष. दुष्काळातली वर्षं केसाएवढी बारीक होती.

बाईंचं वय चोपन्न. वलयं भरली अठ्ठावन्न. त्यांनी पुन्हा मोजली, मग मला मोजायला लावली. अठ्ठावन्नच.

ओसरीवर त्यांची आई तूर निवडत बसली होती. बाईंनी चकती तिच्यापुढे ठेवली.

“आई, हे झाड माझ्याहून चार वर्सांनी मोठं हाये.”

सुपातले हात थांबले. तिनं सूप बाजूला सारलं.

“तुझ्या आदी एक झाल्ती,” आई म्हणाली. “दीड वर्साची होऊन गेली. झाड तिचं.”

“मंग मला माझं म्हणून का सांगितलं?”

“तुझ्या बापाला तिचं नाव घेववत नव्हतं. तू आलीस, तवा त्यानं झाड तुला देऊन टाकलं.”

“नाव काय होतं?”

“कुसुम.”

बाईंनी ते नाव स्वतःशी एकदा उच्चारलं. मग आईचं बोट धरून गाभ्याजवळच्या पहिल्या दोन वलयांवर ठेवलं. “एवढं लाकूड ती असताना वाढलेलं,” त्या म्हणाल्या. आईनं बोट उचललं नाही. सावली पायरीवर सरकून आली तरी ते तिथंच होतं.

काळ माणसांना पुसत नेतो, असं आपण समजतो. पण काही माणसं केवळ कुणी विचारलं नाही म्हणून निमूट राहिलेली असतात.