भस्माच्या पुड्या

पातूरच्या मंडपात माझे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका डोमाजी, कोणाचाही आधार न घेता उभे राहिले, तसा भस्म देणाऱ्या महाराजांचा जयजयकार सुरू झाला. आदल्या आठवड्यात त्यांना खाटेवर कूस बदलतानाही धाप लागत होती.

"डॉक्टरच्या सुईनं नेलेला दम भस्मानं वापस आणला," महाराज माइकवर म्हणाले. "सुई बंद. भस्म चालू."

मोठ्या बाबांना फुप्फुसाचा कर्करोग होता. अमरावतीच्या डॉक्टर प्रणाली यांनी सुईवाटे दिलेल्या इम्युनोथेरपीनं गाठ आकसली होती. मग कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली. मी लगेच त्यांना फोन केला. "रश्मी, आजच घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या.

मोठ्या बाबांची बायको, मोठी आई माणिकबाई, दारात आडवी आली. "त्या सुयांनंच त्यायचा दम गेला. परत तिथंच कावून नेऊन राहिली तू?"

आणि ती त्यांना पातूरला घेऊन गेली. भस्म घेतल्यावर त्यांना खरंच बरं वाटू लागलं. ते भाकरी मागून खाऊ लागले, चेहरा गोल झाला. माझं कोण ऐकणार?

पुड्या संपत आल्या तेव्हा महाराजांनी मंडप हलवला होता. फोन बंद. काही दिवसांतच मोठ्या बाबांचे ओठ निळे पडले. अमरावतीला नेलं, तेव्हा दोन्ही फुप्फुसं सुजलेली होती.

डॉक्टरांनी उरलेली पुडी प्रयोगशाळेत पाठवली. राखेत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या.

"इम्युनोथेरपीनं शरीराची प्रतिकारशक्ती चेतते," त्यांनी समजावलं. "ती कधी कधी चांगल्या फुप्फुसावरही तुटून पडते. सूज येते. स्टिरॉइडनं ती उतरते."

"म्हंजे महाराजाचं औषध बरोबरच होतं?" मोठ्या आईनं विचारलं.

"आम्हीही तेच दिलं असतं, मावशी. पण तपासत, हळूहळू कमी करत. ते एकदम तुटलं, म्हणून सूज उसळली."

"मंग आता द्या ना."

"देतोय. पण आता ते लागू पडत नाहीये."

मोठी आई काचेबाहेर उभी राहिली. आत यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होतं. आम्ही कोणीच काही करू शकत नव्हतो. दुसऱ्या दिवशी ते गेले.

सुईनं दम गेला, हे मोठी आई खरं बोलत होती. म्हणूनच ते सुई देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगायचं असतं. आणि औषधानं आराम पडला, तरी त्यात काय आहे ते विचारायचं. जो सांगत नाही, त्याच्या हातचं घ्यायचं नाही.