डाव्या हातातला मोती

रुइफानने ओळीतल्या तिसऱ्या माणसाचे डावे मनगट धरले आणि त्याचा अंगठा तर्जनीपासून ओढून सोडवला. हात सोडताच अंगठा पुन्हा तर्जनीला जाऊन भिडला आणि घासू लागला. तिने शेजारच्याचे मनगट धरले. तिथेही तेच.

"हे काय चाललंय?"

"मोती, ताई," तो म्हणाला.

"कसला मोती?"

त्याने मान न हलवता डोळ्यांनीच ओळीच्या टोकाकडे खूण केली. बोरीच्या झाडांखालच्या खळ्यावर वीसेक पुरुष आणि चार-पाच बायका एका रेषेत उभ्या होत्या. उजवा हात खांद्यातून मोकळा सोडलेला, डावा हात मांडीशी, आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताची दोन बोटे एकमेकांवर घासत होती.

रुइफान तियानजिनच्या एका रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ होती. हात स्वस्थ असताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये गोळी वळल्यासारखी हालचाल होणे, हे लक्षण ती विद्यार्थ्यांना नेहमीच दाखवीत असे. पंचवीस निरोगी माणसांत ते एकाच वेळी पाहण्याचा प्रसंग तिच्यावर प्रथमच आला होता.

ओळीच्या टोकाला तुंगलाई होता. तो तिच्या वडिलांचा, म्हणजे या सगळ्यांच्या शिफूंचा, गुरूंचा, थोरला शिष्य. पन्नाशीचा, रुंद पाठीचा, लाल बोरांचा व्यापार करणारा. सासऱ्याच्या लांबलेल्या आजारपणात तो गेल्या हिवाळ्यापर्यंत सराव अर्धा टाकून घरी धावत असे. सासरा गेल्यापासून तो दिवसभर खळ्यावरच दिसे.

"तुंगलाई दादा, हे तुम्ही शिकवलंत यांना?"

"शिफूंकडून उतरलंय. मी फक्त रांगेत बसवलं."

"बाबांना कंपवात झालाय."

"तियानजिनमध्ये तसं म्हणत असतील."

"सगळ्या जगात तसंच म्हणतात!"

"सगळं जग पीग्वा खेळत नाही," तुंगलाई शांतपणे म्हणाला. "शक्ती मुरली की बोटांच्या टोकाला येते. आधी डाव्या हातात, कारण काळीज डावीकडे."

"आणि उद्या उजवा हात हलायला लागला, तर?"

तुंगलाईने क्षणभर विचार केला.

"दोन मोती."

मागे कुणीतरी खुसखुसले. तुंगलाईने वळून पाहिले नाही. त्याचे स्वतःचे बोट संथपणे घासतच होते.

रुइफान घराकडे निघाली. जिल्ह्याहून चित्रीकरणाची माणसे आज सकाळीच यायची होती. त्सांगचौच्या या भागात गावागणिक युद्धकलेची वेगळी शैली, आणि एकाच शैलीच्या गल्लीगणिक वेगळ्या शाखा. त्यांपैकी या गावची पीग्वा, म्हणजे हात चाबकासारखे मोकळे फेकत वार करण्याची रीत, आता कायमची टिपून ठेवली जाणार होती. जे टिपले जाईल ते यापुढे मूळ मानले जाईल. आणि त्यात एका वृद्धाचा रोग अस्सल परंपरा म्हणून जमा होईल. या विचाराने तिचे पाऊल इतके जोरात पडू लागले, की अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या.

तिचे वडील हाओ देचिंग स्वयंपाकघरात राळ्याची पेज पीत बसले होते. डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. रुइफानने व्हिनेगरच्या बरणीमागे हात घालून गोळ्यांची डबी काढली. तिने ती उन्हाळ्यात टपालाने पाठवली होती. झाकणावरची पट्टीसुद्धा फाटलेली नव्हती.

"बाबा, डबी फोडलेलीच नाही."

"चित्रीकरण होऊ दे."

"वसंतात म्हणालात, पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट होऊ दे. मग म्हणालात, गहू निघू दे. आता चित्रीकरण. आज तुम्ही माझ्याबरोबर तियानजिनला येताय. तपासणी करायची आणि औषध सुरू करायचं. तुमचा तोल जायला लागलाय. पडलात तर खुब्याचं हाड जाईल, मग काय शिकवाल?"

"येतो म्हटलं ना. एवढं झालं, की नेशील तिथे येतो."

"आणि त्या लोकांना खरं का सांगत नाही?"

"सांगितलं की. ओळीसमोर उभा राहून सांगितलं. म्हटलं, हा हात माझं ऐकत नाही, हा आजार आहे."

"मग?"

"तुंगलाई म्हणाला, शिफूंचा विनय बघा. सगळे कमरेत वाकले. दुसऱ्या दिवसापासून मोती."

रुइफानने डोळे मिटून घेतले. या गावात गुरूने 'मला काही येत नाही' असे म्हणणे हा शिष्टाचार होता, आणि शिष्याने ते खरे न मानणे हा त्याहून मोठा शिष्टाचार. जिथे प्रत्येक नकार विनयाच्या खाती जमा होतो, तिथे एखादी खरी वाईट बातमी पोहोचवायची कशी, हे तिला कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते.

"मग गोळी घ्या. हात थांबला, की त्यांना आपोआप कळेल."

"म्हणूनच घेत नाही." त्यांनी वाडगा उजव्या हाताने फिरवला. "सहा महिने घासतायत पोरं. तुंगलाईच्या अंगठ्याला घट्टा पडलाय. त्यांना काय सांगू? माझा आजार उतरला, तुम्ही पण थांबा?"

"हो! अगदी हेच सांगा!"

"लाज वाटेल त्यांना."

तिने डबी टेबलावर आपटली. पेजेच्या वाडग्यातला चमचा वाजला.

"म्हणजे त्यांना लाज वाटू नये म्हणून तुम्ही औषध घेणार नाही. बाबा, हे तुमच्या कानांना तरी ऐकू येतंय का?"

"हाओ! तुझ्या पोरांना मुंग्या चावल्यात का रे?" दारातून आवाज आला.

पांढरी टोपी घातलेले तिंग काका मेंढीच्या आतड्यांच्या सुपाचे भांडे घेऊन आत आले. ते मागच्या गल्लीत बाची शिकवीत. शत्रूच्या अंगाशी जाऊन कोपर आणि खांद्याने धडक मारणारी ती शैली. दोन्ही गल्ल्यांच्या शैलींत तीन पिढ्यांचे वैर होते आणि या दोन म्हाताऱ्यांचा नाश्ता रोज एकत्र होता.

"लांबून वारा घालणं पुरेना, म्हणून आता हुडहुडी भरवून घेता? आमच्यात बघ. जवळ जायचं, दार ठोठावल्यासारखं कोपर हाणायचं आणि घरी जायचं."

"तुमच्यात घरी जातात ते खाटेवरून," हाओ देचिंग म्हणाले.

"तिंग काका, तुम्ही तरी समजवा," रुइफान म्हणाली. "हे आज टिपलं गेलं, की पुढची शंभर वर्षं मूळ म्हणून शिकवतील. सपशेल चुकीचं."

"मग त्यात नवीन ते काय?" तिंग काकांनी भांड्याचे झाकण काढले. "तुमचं ते क्रौंचाचं पाऊल कुठून आलं, पोरी?"

क्रौंचाचे पाऊल ही या शाखेची ओळख होती. हात फेकत पुढे जाताना उजवा पाय मध्येच आखूड पडे, अंग क्षणभर थबके आणि मग वळे. क्रौंच पक्षी पाण्याचा अंदाज घेतल्याशिवाय पाय टाकत नाही, असे तिला लहानपणी सांगितले होते. त्या एका पावलापायी तिच्या कितीतरी कापडी जोड्यांचे तळवे झिजले होते.

"क्रौंच कसला डोंबलाचा!" तिंग काका म्हणाले. "माझ्या बापाने जत्रेच्या मैदानात तुझ्या बापाच्या गुरूचा उजवा गुडघा मोडला. तो पाय मग जन्मभर आखूडच पडला. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. तुमची फजिती फुकट बघायला मिळत होती."

रुइफान वडिलांकडे वळली.

"बाबा?"

"थंडीत फार सुजायचा," हाओ देचिंग म्हणाले. "मीच तेल चोळायचो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"हं."

"आणि मला पहाटे उठवून तेच घोटून घेतलंत. जिना उतरताना माझा उजवा गुडघा दुखतो, बाबा. क्ष-किरण काढले मी त्याचे. कुणाला तरी हे कळतंय का? एका माणसाचा गुडघा मोडला आणि तीन पिढ्या लंगडल्या! समजूनउमजून!"

"शिफू समोर चालायचे," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर सरळ पाय टाकायचा कसा?"

  तिंग काकांनी सूप वाढले, आणि वाडगा हाओ देचिंग यांच्या उजव्या हाताच्या बाजूला सरकवला.

चित्रीकरणाची माणसे आली तेव्हा ऊन खळ्यावर पसरले होते. टोपी उलटी घातलेल्या एका तरुणाने कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि छोट्या पडद्यासमोर स्टूल ओढले. रुइफान त्याच्या मागे उभी राहिली. हाओ देचिंग शिष्यांच्या मधोमध उभे होते. सगळ्यांचे कपडे एकाच काळ्या कापडाचे होते.

"शिफू, आधी दोन शब्द," तरुण म्हणाला.

हाओ देचिंग यांनी लेकीकडे एकदा पाहिले आणि घसा खाकरला.

"माझ्या हाताला रोग झालाय. त्याकडे बघू नका."

"वा!" तरुण हळूच उद्गारला. "इतका मोठा माणूस, आणि बोलणं बघा!"

रुइफानच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याला नेमके काय म्हणावे, हे तिलाही सांगता आले नसते.

तुंगलाईने हाक दिली. ओळ हलली. हात खांद्यापासून सुटले, वर गेले, कुऱ्हाडीसारखे खाली आले. रुइफान सवयीने पडद्यावर रुग्ण शोधू लागली. कंपापेक्षाही आधी येणारे एक लक्षण असते. बाधित बाजूचा हात चालताना कमी हेलकावतो. हात फेकण्यावरच उभ्या असलेल्या शैलीत ते चटकन उठून दिसायला हवे होते. तिने डाव्या हातांवर नजर ठेवली.

सगळे डावे हात कमी हेलकावत होते.

तिने पुढे वाकून खांदे पाहिले. सगळे किंचित पुढे झुकलेले. चेहरे पाहिले. सगळे सारखेच निश्चल, पापणी क्वचित लवणारे. उजवे पाय एकदम आखूड पडले, अंगे थबकली, वळली. थबकलेल्या त्या क्षणात डाव्या हातांची बोटे घासली गेली, आणि पडद्यावर एकही हात वेगळा नव्हता.

"यांच्यातले शिफू कोणते हो?" तरुणाने मान न वळवता विचारले. "जवळून घ्यायचंय."

रुइफानने बोट उचलले. ते थोडा वेळ हवेत राहिले.

"थांबा," ती म्हणाली. "वळू दे त्यांना, मग ओळखते."

चित्रीकरण संपल्यावर हाओ देचिंग सरळ घरात गेले. आता नवा बहाणा निघणार, याची तिला खात्री होती; बोरे उतरवायची आहेत, छत शाकारायचे आहे. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या हातात कपड्यांचे गाठोडे होते.

"चल," ते म्हणाले.

दाराशी तुंगलाईची बोरांची गाडी उभी होती. पुढच्या आसनावर रजई अंथरली होती आणि पायाशी गरम पाण्याचा थर्मास होता.

"गाडी कुणी सांगितली?" रुइफानने विचारले.

"कुणी नाही," तुंगलाई म्हणाला. "बसस्थानकावर जिने आहेत."

त्याने गाठोडे आत ठेवले आणि त्यातला कापूस भरलेला कोट काढला. मग तो शिफूंच्या डाव्या अंगाला गेला. त्याने आपला हात बाहीतून उलटा घातला, पलीकडून त्यांची थरथरती बोटे मुठीत घेतली आणि बाही त्यांच्या हातावर चढवली. खांद्याशी कोट धरून ठेवला. उजवा हात त्यांचा त्यांना घालू दिला. बटणे त्याने खालून वर लावली.

आधी जड झालेला हात, मग चांगला. रुइफान हे रुग्णांच्या नातेवाइकांना शिकवीत असे. सगळेजण सुरुवातीला उलटे करीत. काहींना महिने लागत.

"हे कुठे शिकलात?"

"सासऱ्यांचाही हात ऐकायचा नाही," तुंगलाई म्हणाला, आणि किल्ली शोधण्यासाठी खिसे चाचपू लागला.

ती मागे बोरांच्या पोत्यांना टेकून बसली. तिने डबीची पट्टी फाडली आणि एक गोळी पुढे केली. वडिलांनी ती घेतली, थर्मासच्या झाकणातल्या पाण्याबरोबर गिळली आणि झाकण पुसून परत लावले. खळ्यावर शिष्य अजून रांगेत उभे होते. तिंग काका रिकामे भांडे बगलेत मारून त्यांना काहीबाही सुनावत होते.

गाडी बोरीच्या झाडांमधून मोठ्या रस्त्याला लागली. हाओ देचिंग यांनी डावा हात मांडीखालून काढून रजईवर ठेवला होता. तो हलत होता. औषधाचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, एका गोळीने काही होत नाही, हे त्यांना सांगायला हवे, असे तिच्या मनात आले.

समोरून मालमोटारी येत होत्या. तुंगलाईने एकवार शेजारी पाहिले, स्टिअरिंगवरचा आपला डावा हात काढून मांडीवर ठेवला, आणि त्याचा अंगठा तर्जनीवर घासू लागला.

दोन्ही हातांनी चालवा, असे म्हणायला रुइफानने तोंड उघडले, आणि तसेच मिटले.