काळं तेल

नामाने बाटलीतलं औषध आधी काचेच्या बरणीत तपासलं. चौकात गॅरेज चालवून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. भाचा योगेंद्र इंजिनच्या तेलात घालायच्या मोलिब्डेनम पावडरीच्या बाटल्यांची एजन्सी घेऊन आला, तेव्हा नामा म्हणाला, "पावडर हाय ना? मग खाली बसंल. चहातली साखर बसती तशी."

"मामा, लय बारीक आहे ती. तरंगत राहते."

"तुजं तोंड तरंगतंय. बरणी आन."

नव्या तेलात औषध मिसळून बरणी महिनाभर फळीवर ठेवली. तेल वरपासून खालपर्यंत काळंच राहिलं. तळाशी नखाएवढा थर होता, तो हलवल्यावर मोडला. नामाने हार मानली.

पहिली बाटली हर्षलाच्या टेंपोत गेली. टेंपो सीएनजीवर चालणारा. कर्जतहून रसायनीच्या एका कारखान्यात ती कामगारांचा नाश्ता आणि जेवण पोचवायची, दिवसाला दोन खेपा. दोन खेपा चुकल्या तर काम दुसऱ्याला, असा ठेका होता. नामाने जुनं तेल काढलं, ताजं भरलं, त्यात औषध ओतलं. इंजिनाचा आवाज कमी झाला. तो औषधाने की ताज्या तेलाने, हे कोणी तपासलं नाही.

चौकातले ड्रायव्हर तेल बदलायला किलोमीटर मोजत नाहीत. इंजिनातली तेल बघायची पट्टी काढतात, बोटावर पुसतात. पिवळं असेल तर चालू द्यायचं, काळं झालं की नामाकडे यायचं. नामानेच त्यांना ते शिकवलं होतं.

आठवड्याने हर्षलाने पट्टी काढली आणि तशीच गॅरेजात आली.

"नामाकाका, हे तर आताच काळं झालं."

"काळंच राहनार ते. काळं हाय म्हंजे औषध तेलातच हाय, खाली बसलं नाय. भिऊ नको गं."

किती किलोमीटरने तेल बदलायला यायचं ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

ती रोज सकाळी पट्टी बघायची. काळं दिसलं की निर्धास्त निघायची. सात महिन्यांत तेल न बदलता टेंपो वीस हजार किलोमीटरच्या वर चालला. एका मंगळवारी नाश्ता चुकला, कारण इंजिन वाटेत ठकठक ठोके देऊ लागलं. तिने टेंपो कसाबसा चौकापर्यंत आणला आणि तिथे तो जाम झाला. जेवणही चुकलं.

नामाने इंजिन खालून उघडलं. तेल डांबरासारखं ओघळत होतं. बेअरिंग जळून निळं पडलं होतं.

योगेंद्र वाकून बघत म्हणाला, "पण मामा, पावडर खाली बसली नाही, बघा."

"गप रं."

हर्षला उभीच होती. "काळं हाय तोवर चांगलं, असं तुमीच बोल्लात."

"मी पावडरीचं बोल्लो गं. तेलाचं नाय."

"मला काय ठावं त्यातलं?"

नामा म्हणाला, मजुरी घेत नाही, आठ दिवसांत इंजिन बांधून देतो. तिने फोन पुढे केला. ठेकेदाराचा निरोप होता: उद्यापासून जेवण घेऊन शेलू गावची दुसरी गाडी येईल.

"आता आठ दिवसांनी बांदा नायतर आठ महिन्यांनी," ती म्हणाली. मग रिकामे डबे तिने एकेक करून रिक्षात भरले. नामा मदतीला पुढे झाला, तसा तिने त्याच्या हातातला डबा काढून घेतला.