बस्त्यातला डाळिंबी शालू

कासुर्डीत कुणाचं लग्न ठरलं की पहिला निरोप भटजीला जायचा आणि दुसरा साखरबाईला. बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायला, दोन्हीकडची मंडळी दौंडला निघाली की ही बाई बरोबर हवीच. तिला नजर होती, आणि नजरेपेक्षा मतं जास्त होती. रुंद काठ बुटक्या बाईनं नेसू नये. हिरव्याला लालभडक काठ म्हणजे निव्वळ पोपट. असं ती एकदा म्हणाली आणि त्या साली गावात हिरव्या-लाल लुगड्याला कुणी हात लावला नाही. नायलॉनवर तर तिचा राग होता. उन्हात अंगाला चिकटणारी ती पीडा रेल्वेच्या बंगल्यांतल्या मडमांनाच लखलाभ, म्हणायची. पण त्याच मडमांच्या झग्याचा चौकोनी गळा तिनं दौंड स्टेशनात गाडीची वाट बघता बघता डोळ्यांत साठवला आणि सुभान टेलरकडून आपल्या पोलक्याला शिवून घेतला. पुढं बाया सुभानला नुसतं “साखरबाईचा गळा” एवढंच सांगू लागल्या. सासू साळूबाई या नखऱ्यांवर कुरकुरायची, पण दुकानात कापड उलगडलं की बघण्यासाठी आधी सुनेच्याच खांद्यावर टाकायची. त्या अंगावर काहीही खुलायचं.

मग साखरबाईचा नवरा, आनंदराव, साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. रडायचं ते सुरुवातीला रडून झालं. नंतर तिला नुसतं बधिर वाटायचं. भाकरी थापावी, धारा काढाव्यात, पडून राहावं. तव्याचा चटका बसला तरी हात मागं घ्यायला उशीर व्हायचा. गावात लग्नं झाली, तिला निरोप आला नाही. विधवेला बस्त्याला नेत नाहीत, शालूला तिचा हात लागू देत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. त्याचं दुःख म्हणावं तर तेही धड होत नव्हतं. एवढंच कळत होतं, की आपल्याला आता कुणी काही विचारत नाही, आणि हे असंच चाललं तर आपल्याजवळ सांगण्यासारखं काही उरायचं नाही.

वर्षाच्या आत धाकट्या दिराचं, जयसिंगचं, लग्न पाबळच्या मुलीशी ठरलं आणि साळूबाई पेचात पडली. तिला स्वतःला डाळिंबी कुठला आणि अंजिरी कुठला ते कळत नव्हतं, आणि सोयऱ्यांपुढं शोभा करून घ्यायची नव्हती. शेवटी तिनं मध्यम मार्ग काढला.

“तू चल,” ती सुनेला म्हणाली. “पायरीवर बस. हात मातुर लावू नगंस. आमी लांबनं दावू, तू नुसतं सांग.”

साखरबाई व्हय म्हणाली. ही एक वेळ नीट पार पडली तर बाया पुन्हा विचारायला लागतील, एवढी एकच आशा तिला वाटली, आणि आशा वाटली याचंच नवल वाटलं.

दुकानात लगीनसराईची झुंबड होती. साखरबाईनं पदर पार भुवयांखाली ओढला, बांगड्यांविना मोकळे हात पदरात घेतले आणि पायरीवर बसली. नवरी आली नव्हती. तिच्या वतीनं पाबळची मावशी गादीवर ठाण मांडून होती. मावशीला सिनेमातल्यासारखं गुलाबी हवं होतं. साखरबाईनं पायरीवरनंच सांगितलं, की पोरगी सावळी आहे, गुलाबी रंग तिचा चेहरा खाईल. शेटजींनी मग डाळिंबी शालू उलगडला. बारीक बुट्टी, काठ बोटभर, पदर जड पण ओझं न वाटणारा. तो बघताना साखरबाईला कितीतरी दिवसांनी काहीतरी मनापासून आवडलं.

“ह्योच घ्या, आत्याबाई,” ती म्हणाली.

अंगावर कसा दिसेल कुणास ठाऊक, असं मावशी पुटपुटली. तेवढ्यानं साळूबाई उठली आणि दर बस्त्याला करायची तसंच तिनं केलं: शालूचा पदर सुनेच्या खांद्यावर टाकला आणि चार पावलं मागं सरून कौतुकानं बघू लागली.

मग तिच्या ध्यानात आलं. मावशीच्या तर आधीच आलं होतं.

“आता ह्यो आमच्या पोरीला नगं,” मावशी म्हणाली.

साळूबाईनं चिमटीत धरून पदर काढून घेतला. तिनं सुनेला शब्दानं दुखवलं नाही, पण तिच्याकडं पाहिलंही नाही. शेटजींनी शालूची जुन्याच मोडीवर घडी घातली आणि गठ्ठ्यावर ठेवला. गुलाबी शालू घेतला गेला. त्यानंतर पायरीकडं कुणी काही दाखवायला आलं नाही. साखरबाई तशीच बसून राहिली. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

एवढ्यात शिरूरकडची मंडळी गादीवर बसली आणि त्यांच्या बाईनं गठ्ठ्यावरचा तोच शालू ओढला. त्यांची नवरी बरोबर होती, काटकुळी, लाजरी पोर. आईनं तिला उजेडासाठी दारापाशी उभं केलं आणि शालू खांद्यावर टाकला. पोर अशी दिसू लागली, की शेजारची माणसंही वळून बघायला लागली.

“बाई, तुमीच सांगा,” आई पायरीकडं बघून म्हणाली. “बराय का?”

साळूबाईनं ते ऐकलं. ती मान वळवून गुलाबी शालूची घडी चाचपू लागली.

घडी घातली की साडी पुन्हा नवी होते, साखरबाईच्या मनात आलं. तिला त्या शालूचा हेवा वाटला.

“लई खुलतोय. घ्या,” ती पदराआडून म्हणाली. “पोलकं मातुर फिकं शिवा.”

आई खूश झाली. तिनं शालूला हळदकुंकू लावलं, आणि त्याच हातानं, रीतीप्रमाणं, समोरच्या बाईला लावायला वाकली. नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि त्या पोरीच्या अंगावरूनही शालू उतरला असता. साखरबाई हलली नाही. पदराखाली बोट शिरलं, कपाळाला टेकलं. लेकीकडं बघत हसत हसत ती आई निघूनही गेली.

मंडळी गेल्यावर साळूबाई पायरीवर आली. तिनं सुनेचा पदर वर केला, आपल्या पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि ते कुंकू पुसायला लागली.

आनंदराव गेला त्या दिवशी बायांनी कपाळ पुसलं होतं, तेव्हा साखरबाईला काही कळलंही नव्हतं. आज कळलं. ती भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, हंबरडा फोडून रडायला लागली, आणि डाग निघाला तरी साळूबाई पुसतच राहिली.