दोघांच्या वजनाची गाडी

उदेभाननं धानाची दोन पोती गाडीत ठेवली, चाकांच्या आसांना मोहाच्या बियांचं तेल चोपडलं आणि तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, खाली उतरून वर हात केला. वर उभ्या असलेल्या गोवर्धननं खुंटी काढली. गाडी तलावाच्या पाळीवरून लाकडी रुळांवर खाली सुटली, पहिला उंचवटा खडखडत ओलांडून बांबूच्या तट्ट्यांच्या बोगद्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. उदेभान डोळे मिटून नुसता आवाज ऐकत राहिला. आत एक खोलगट जागा होती आणि तिच्यापुढे दुसरा चढ. तिथं आवाज जड झाला, अडखळला, मग मोकळा झाला. गाडी बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडली आणि खळ्यावर धान झोडून उरलेल्या तणसाच्या ढिगात जाऊन रुतली.

“जमलं,” तो स्वतःशीच म्हणाला.

गोवर्धन लंगडत खाली आला. त्यानं आधी गाडीकडे पाहिलं, मग पोत्यांकडे.

“का गा उदेभान, आठ दिवस झाले पाहून राहिलो. हे मोठं बोरं तुह्या वजनाचं, थे समजलं. हे लहान कोनाचं?”

“कोनाचं बी असन. दोन मानसाचं वजन लागते. एकट्यानं गाडीले दम नाही पुरत, दुसऱ्या चढावर अडते.”

“थे मले नको सांगू. लहान बोऱ्याचं नाव सांग.”

उदेभाननं ते लहान पोतं मोठ्यापेक्षा जपून उचललं, आणि गोवर्धन काही आंधळा नव्हता.

१९३७ सालची दिवाळी सरली होती आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या होत्या. चोरखमाऱ्याच्या तलावापासून दोन-तीन कोसांवरच्या या गावाची मंडई आज होती. दरवर्षी दंडारीचं नाचगाणं असे, दुकानं असत, हातानं फिरवायचा पाळणा असे. या वर्षी मात्र पंचक्रोशीत एकच बोलणं होतं, की उदेभान आसाम दाखवणार आहे.

उदेभान बारा वर्षं रेल्वेच्या पुलांवर सुतारकाम करून पाच वर्षांपूर्वी गावी परतलेला माणूस. त्या बारा वर्षांत एकदा कलकत्त्याच्या एका प्रदर्शनात त्यानं लाकडाच्या खोट्या डोंगरावरून धावणारी गाडी पाहिली होती. तो तीनदा बसला. पहिल्यांदा ओरडला, दुसऱ्यांदा हसला, आणि तिसऱ्यांदा गाडीत बसून खालचे खांब, तिरपे टेकू आणि उतार मोजत राहिला. पहिल्या टेकडीपेक्षा दुसरी ठेंगणीच हवी, हे त्यानं तिथंच बोटांवर घोकलं. आणखी एक गोष्ट त्याच्या मनात बसली. नुसती गाडी पोटात गोळा आणते, एवढंच. आपण कुठं जाऊन आलो, हे सांगतात ती भोवतीची चित्रं. कलकत्त्याच्या त्या डोंगरावर चुन्याचा बर्फ होता आणि खाली उतरलेली माणसं अंगावर शाल ओढून घेत होती.

उदेभानला बर्फ करायचा नव्हता. त्याला आसाम करायचा होता, आणि तो जमुनासाठी.

जमुनाचा नवरा फागू बारा वर्षांपूर्वी चहाच्या मळ्यात मजुरीला गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माणसं नेणारा सरदार आला, तीन वर्षांची बोली झाली, आणि फागू गाडीत बसला तो बसलाच. पत्र नाही, निरोप नाही. चार वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास उदेभाननं जमुनाला पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, विचारलं. त्यांच्या जातीत पाटाला कुणी नाव ठेवलं नसतं. उलट गावातल्या चार म्हाताऱ्यांनी तिला सांगूनही पाहिलं. जमुना सुपानं धान पाखडत होती. ती पाखडतच म्हणाली,

“थो गेला थो मुलूख एकडाव डोऱ्यानं पाहू द्या. मंग सांगतो.”

नाही म्हणण्याची ही रीत आहे, असं दुसरा कुणीही समजला असता. उदेभान सुतार होता. त्यानं ते माप म्हणून घेतलं. एक मात्र खरं, की त्या दिवसापासून जमुनानं त्याला ‘भाऊ’ म्हणणं सोडलं. गावातल्या साऱ्या बाया त्याला भाऊ म्हणत. ती काहीच म्हणत नसे, आणि त्या काहीच न म्हणण्यावर या माणसानं चार वर्षं काढली.

पुढच्या वर्षी गोवर्धन आसामातून परतला, एक पाय अधू करून. पहिल्याच संध्याकाळी त्यानं उदेभानला बाजूला नेऊन सांगितलं, की फागू दुसऱ्या पावसाळ्यातच तापानं गेला. मजुरांच्या चाळीमागे त्याला पुरला, वर गोटा ठेवला. “तिले तू सांग,” गोवर्धन म्हणाला, “मले हिंमत नाही.” उदेभाननं होकार दिला आणि त्या होकाराखाली तो तीन वर्षं दबून गेला. सांगायचं कसं? तोच तिला मागणारा, आणि तिचा नवरा मेल्याची बातमी आणणाराही तोच?

म्हणून त्यानं बोगदा बांधला. गोवर्धनला विचारून विचारून आतल्या तट्ट्यांवर गेरू आणि निळीनं डोंगर काढले, सेमीच्या वेलाच्या पानांच्या रसानं ते हिरवे केले. मेहंदीच्या फांद्या कमरेएवढ्या कापून ओळीनं रोवल्या, ते चहाचे मळे. निळ्या लुगड्याची नदी केली. तट्ट्यांना वर फटी ठेवल्या, म्हणजे उन्हाच्या पट्ट्या आत पडाव्यात. गोंदियाहून चहाची भुकटी आणून एका कोपऱ्यात निखाऱ्यावर पातेलं चढवलं, म्हणजे त्या मुलखाचा वासही यावा. आणि मजुरांच्या चाळीच्या चित्रापुढे, खोलगट जागेच्या अगदी तळाशी, रुळाला लागून त्यानं ओंजळभर मातीचा एक उंचवटा केला आणि त्यावर नाल्यातला गोटा ठेवला.

तो न ठेवता त्याला राहवलं नाही. खोटं काम त्याच्या हातून होत नसे. पण ठेवला तोही कुठं, तर जिथं गाडी सर्वांत भरधाव असते तिथं. सांगितल्यासारखंही व्हावं आणि दिसूही नये. भला माणूस भित्रा असला की त्याची अक्कल अशी चालते.

मंडई भरली. गाडीवर झुंबड उडाली. जोडीजोडीनं माणसं बसत, ओरडत आत जात आणि बाहेर येऊन तणसात लोळत. मालगुजार केशोराव एका हातानं पागोटं आणि दुसऱ्या हातानं बायकोचं मनगट धरून बसले. बाहेर आले तेव्हा पागोटं आतच राहिलं होतं आणि सुशीलाबाई चारचौघांत खदखदून हसत होत्या. कुणी नदीचं कौतुक केलं, कुणी वासाचं. गोट्याबद्दल कुणीही विचारलं नाही.

दुपार कलल्यावर जमुना पाळीवर आली. पदराच्या टोकाला तिनं मंडईतल्या लाह्या बांधल्या होत्या. उदेभान नेमका बैलांकडून गाडी ओढवून वर आला होता.

“हे होय का आसाम?” तिनं विचारलं.

“गोवर्धननं सांगितलं तसं.”

“त मंग बसतो.”

“संगं कोनी?”

“नाही. एकटीच जातो.”

मी येतो, हे शब्द उदेभानच्या ओठांपर्यंत आले होते. आठ दिवस तो त्याच शब्दांचं वजन गाडीत घालून पाहत होता. पण भोवती सारा गाव उभा होता. त्यानं गोवर्धनला एवढंच सांगितलं, “तिच्या पायाशी मोठं बोरं ठेव. इसरू नको,” आणि तो गाडी धरायला खाली निघाला.

गोवर्धननं पोतं गाडीत ठेवलं. जमुनानं एक पाय उचलला आणि परत घेतला.

“धानावर पाय देऊ?”

“बसाच्या फळीवर बोरं मावत नाही वो. खालीच ठेवा लागते.”

“लक्ष्मी हाये थे. काढा.”

गोवर्धननं खाली उतरत चाललेल्या उदेभानच्या पाठीकडे पाहिलं, मग जमुनाकडे. सकाळी काय ऐकलं होतं ते तो विसरला असेल, असं म्हणवत नाही. त्यानं पोतं उतरवून पाळीवर ठेवलं आणि खुंटी काढली.

उदेभान तणसाशी पोचला आणि सवयीनं डोळे मिटून ऐकू लागला. पहिला उंचवटा झाला. बोगदा आला. आवाज खोलगटात उतरला, चढाला लागला, जड झाला, अडखळला. आणि मोकळा झालाच नाही. चाकं उलटी फिरल्याचं त्याला कळलं. मागे गेली, पुढे आली, पुन्हा थोडी मागे, थोडी पुढे. मग काहीच नाही. गाडी सर्वांत भरधाव जिथं असते, अडलेली गाडीही शेवटी तिथंच येऊन थांबते. एवढी साधी गोष्ट या शहाण्या सुताराच्या डोक्यात आठ दिवसांत आली नव्हती.

तो दुसऱ्या तोंडातून आत धावला.

जमुना गाडीत बसली होती, हात मांडीवर. तिच्या खांद्यावर उन्हाची एक पट्टी पडली होती. कोपऱ्यात चहा खदखदत होता. ती ना डोंगराकडे पाहत होती, ना नदीकडे.

“घाबरू नको,” उदेभान म्हणाला, “ढकलतो.”

“थांबा.” तिनं बोट केलं. “हे कोनाचं?”

मातीच आहे, पाळीची उरलेली, असं म्हणता आलं असतं. तसं म्हणून सुटावं, असं त्याला फार वाटलं.

“गोवर्धन होता तेथी,” तो म्हणाला. “दुसऱ्या पावसात. तापानं.”

बाहेर कुणीतरी पिपाणी वाजवत होतं. जमुना गाडीच्या काठावरून खाली वाकली.

“तेथी गोटा कोनं ठेवला?”

“गोवर्धननंच. बाकीचे बी होते. एकटा नव्हता थो.”

“तुमाले कधीपासून मालूम?”

“तीन बरस.”

“मंग काऊन नाही सांगितलं?”

“माह्या तोंडून कसं सांगू? मी तुले मागून बसलो होतो. लोक त लोक, तूच म्हनली असती, का यानं आपल्या सोयीनं मारला.”

“म्हनली असती,” जमुना म्हणाली.

ती गाडीतून उतरली. पदराची गाठ सोडून तिनं लाह्या त्या ओंजळभर मातीवर ठेवल्या. माती तलावाच्या पाळीची होती, गोटा नाल्यातला होता, डोंगर सेमीच्या पानांचे होते, आणि हे तिला उदेभानइतकंच ठाऊक होतं. तरी ती तिथं खाली बसली आणि रडली. बारा वर्षं तिला रडायला जागाच नव्हती. जिवंत माणसासाठी रडणं अशुभ, आणि मेला म्हणून सांगायला कुणी आलं नव्हतं. उदेभान तट्ट्याकडे तोंड करून उभा राहिला. त्यालाही भरून आलं होतं, पण त्या रडण्यात आपला वाटा नाही, एवढं त्याला समजत होतं.

बऱ्याच वेळानं ती उठली, गोट्याला हात लावून तिनं तो कपाळाला लावला आणि गाडीत बसली.

“ढकला.”

त्यानं मागून हात लावले. एकटीची गाडी हलकी होती, तरी चढावर त्याला दम लागला. माथ्यावर आल्यावर तो थांबला. आता हात काढले की गाडी आपल्या वाटेनं जाणार होती, आणि गाडीबरोबर त्याची चार वर्षंही.

“सोडा,” जमुना म्हणाली.

त्यानं सोडली.

तो बाहेर आला तेव्हा लोक तणसाभोवती जमले होते. काय झालं, काय झालं, म्हणून जो तो विचारत होता. गोवर्धन वरून आला होता आणि बैलांचा दोर हातात घेऊन उभा होता.

“धानावर पाय नाही देत म्हने,” तो उदेभानकडे न पाहता म्हणाला. “मी काय करू?”

जमुना उतरली नव्हती. चेहऱ्यावरचं पाणी तिनं पुसलं नव्हतं. ती फळीवर एका बाजूला सरकली आणि लुगड्याचा घोळ तिनं आपल्याकडे ओढून घेतला.

“अखीन एकडाव जाचं हाये,” ती उदेभानला म्हणाली. “तुमी बी बसा.”

साऱ्या गावानं ते ऐकलं. उदेभाननंही ऐकलं, पण चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं, तर या माणसाला आधी आपलं काम आठवलं.

“दोघांनी गाडी तेथी थांबत नाही,” तो हळूच म्हणाला. “दोघांच्या वजनानं थे जागा भरकन निंघून जाते. दिसत बी नाही.”

जमुनानं बोगद्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

“पाहलं ना मी,” ती म्हणाली. “जाऊ द्या मंग.”

गोवर्धननं बैलांचा दोर गाडीला अडकवला.