नवरीच्या झग्याचा काठ

मागच्या खोलीत सकाळपासून शिवणयंत्र धडधडत होतं. पुतणीच्या लग्नाचा पांढरा झगा धाकटी शिवत होती आणि पुढच्या खोलीत तिची थोरली जाऊ पाहुण्यांना सांगत होती, "बाजारातल्या शिंप्याकडे टाकलाय हो, भारी कारागीर आहे!" नवरीच्या कपड्याला विधवेचा हात लागला हे कळलं, तर मुलाकडचे नाक मुरडतील ना! काम धाकटीचं, नाव शिंप्याचं. दर रविवारी गुडघे टेकून पापांची क्षमा मागणारं हे घर. पण हे पाप त्यांच्या यादीतच नव्हतं.

माप द्यायला आलेल्या पुतणीने विचारलं, "काकू, चर्चमध्ये तू पुढेच बसशील ना गं?"

"ती कशाला?" दारातून जाऊच बोलली. "घर कोण सांभाळणार? आणि मंगलकार्यात पांढऱ्या पायाचं माणूस नको."

पुतणीने मान खाली घातली. धाकटी तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक काढून काठाला लावत राहिली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. आज आपण मेलो, तरी काठ अर्धा राहिला म्हणूनच यांना कळेल, असं तिच्या मनात आलं. मग जीव द्यावा असंही आलं आणि ती स्वतःलाच घाबरली.

तिने नवऱ्याचं जुनं बायबल उघडलं. बारा वर्षं आजारी असलेल्या, सगळ्यांनी विटाळ मानलेल्या बाईची गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. गर्दीत चोरून त्या बाईने येशूच्या वस्त्राच्या काठाला हात लावला. तो थांबला, सगळी गर्दी थांबवली आणि तिला म्हणाला, "मुली." धाकटीच्या मांडीवरही काठच होता. त्यावर डोकं टेकून ती पोटभर रडली. मला कुणीतरी मोजतंय, एवढंच तिला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

लग्नाच्या दिवशी जाऊ धापा टाकत घरी आली. "चल लवकर! झगा पाठीत उसवलाय. मागच्या दाराने ये, कुणाच्या नजरेस पडू नकोस."

सूड घ्यायची आयती संधी होती. धाकटीने सुई-दोरा घेतला आणि चर्चच्या मागच्या खोलीत मुकाट्याने टाके घातले. पुतणीने तिचा हात घट्ट धरून ठेवला.

"झालं ना? जा आता घरी," जाऊ म्हणाली.

"नाही ताई. मी पुढे बसणार आहे."

"अगं, लाज वाटू दे जरा! लग्न मोडायचंय का?"

"तुमच्या घरात मला मागचं दार आहे, ताई. त्याच्या घरात नाही. मीही त्याची मुलगी आहे."

ती पुढे गेली आणि पहिल्या बाकावर बसली. कुजबुज झाली. तिच्या शेजारची मावशी उठली, मग मामा-मामी उठले. पाळकांनी पाहिलं आणि पुस्तकात डोकं घातलं. पण धाकटी उठली नाही.

वाचकहो, त्या बाकावर आणखी तिघांची जागा होती. तुम्हीही पाहुण्यांत असालच. कुठे बसला होतात तुम्ही?