धुवायचा नव्हता तो पडदा

मित्रांनो, या देव्हाऱ्याच्या चौकटीला खिळ्यावर अडकवलेली हातभर पट्टी दिसते ना, ती मी. एके काळी मी पुरुषभर उंचीचा प्लॅस्टिकचा पडदा होतो.

कारखान्यात मला लाटण्याआधी एक पांढरी भुकटी माझ्यात मळली गेली. तिच्यामुळे मी जड झालो, ताठ झालो. माझा आरपारपणा गेला, रंग साईसारखा झाला. थंडीत घडी घातली तर कोपरे तडकत. दिसायला मी बेताचाच. पण आग माझ्यावर चढत नसे. ब्रह्मपुरीच्या बाजारात बिरजू दुकानदाराने माझ्या काठाला काडी लावून दाखवली. काठ काळा पडला, थोडा धूर झाला आणि काडी दूर होताच मी विझलो.

सिंदेवाहीकडच्या देवाजीने मला घेतलं. त्याचं घर बांबूच्या कुडाचं, देव्हाऱ्यामागे भाताच्या तणसाचा ढीग. बायको गोकुळा रोज दिवा लावणारी. बिरजूने पैसे घेता घेता बजावलं, "भाऊ, अंगावर पांढरं आलं तं कोरड्या फडक्यानं पुसा. पाण्यात घालू नका. ते पांढरंच आगीले अडवते."

देवाजीने मान हलवली. ते ऐकणारे आम्ही दोघेच.

मी दिवा आणि तणस यांच्यामध्ये टांगला गेलो. उन्हाळ्यात भुकटी अंगावर फुलून आली. गोकुळाला वाटलं, मळ. देवापुढे मळ कसा चालेल? रोज पहाटे ओलेत्याने ती मला कढत पाण्याने, राखेने घासू लागली. दारात उभा राहून देवाजी पाही. तोंड उघडी, पुन्हा मिटून घेई.

खरं सांगू? मला ते घासणं आवडू लागलं होतं. मी मऊ झालो, चमकू लागलो. शेजारची मंगली म्हणाली, "गोकुळे, तुहा पडदा तं आरशावाणी झाला!" मी सुखावलो. अंगातलं बळ पाण्याबरोबर अंगणात वाहून जात होतं आणि मी आपला चमकत होतो.

कार्तिकात गोकुळाने पौर्णिमेपर्यंत अखंड दिव्याचा नेम धरला. पडदा आहे म्हणून समई थोडी मागे, माझ्याजवळ सरकवली. एका दुपारी कुडातून वारा आला. मी ज्योतीवर गेलो आणि भडकलो. गोकुळाने उघड्या हातांनी मला ओढून अंगणात फेकलं. तणस वाचलं. पण माझे वितळलेले थेंब तिच्या तळव्यांना चिकटले होते, आणि समई कलंडून दिवा विझला होता.

ती देव्हाऱ्यात जाईना. भिंतीशी बसून म्हणे, "माह्याच हातून काई चुकलं. देवानं दिवा नाई ठेवला."

सासू गुणाबाई समजावत होती, "देव कोनाच्या घराले काडी लावत नाई, पोरी."

संध्याकाळी देवाजीने मला उचललं. दोरीवरून दुमडलेली माझी वरची पट्टी घासण्यातून सुटली होती. तेवढीच शाबूत होती. पांढरी भुकटी अजून तिच्यावर होती. तो गोकुळासमोर बसला.

"तुह्यं काई चुकलं नाई. बिरजूनं सांगतलं होतं, धुवू नका म्हणून. मले ठाऊक होतं."

"मंग काऊन नाई बोलले?"

"तू सोवळ्यात देवाचं घासून राह्यली. तुले धुवू नको कसं म्हणू?"

"अन् रोज पाहत राह्यले?"

गुणाबाई कडाडली, "जेवाले तोंड आहे याले, सांगाले नव्हतं!"

गोकुळाने आपले बांधलेले हात त्याच्यापुढे धरले. मग म्हणाली, "उठा. आंघोळ करा. नेम मोडला नाई म्हणते मी. पौर्णिमेपर्यंत दिवा तुमीच सांभाळा, मी सांगते तसा."

मित्रांनो, गोकुळाच्या तळव्यांवरचे डाग गेले नाहीत. ते दिसले की माझा जीव अजून कसनुसा होतो. मला तोंड नाही. तुम्हाला आहे. धोक्याची गोष्ट ठाऊक असली तर ती भिडेखातर गिळू नका. समोरचा माणूस पूजेत असला तरी सांगा.

अंगावर पांढरं आलं की देवाजी मला कोरड्या फडक्याने हळूच पुसतो आणि आत हाक मारतो, "गोकुळे, धुवू नको बरं याले!"

आतून उत्तर येतं, "आता सांगून राह्यले!"